फँटम अवरग्लास पहिल्यांदाच खेळतोयस ना?

निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या गेम-यंत्रावरचा हा झेल्डा मालिकेतला गेम (२००७) बिनधास्त सुरू कर. सगळं स्टायलसनं (स्क्रीनवर टेकवायच्या पेननं) चालतं, थोड्या वेळात हात बसतो. बूमरँगची वाट आपण स्क्रीनवर आखायची, तो तश्शीच गिरकी घेऊन येतो. खरी गंमत तीच.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- नकाशावर काही लिहीत नाहीत. खुणा, सापळे दिसले की लगेच खरडून ठेव.
- महासागरराजाच्या मंदिरात धावत सुटतात. तिथला तुझा वेळ वाळूच्या घड्याळावर मोजला जातो, पण सुरक्षित जागेत ती वाळू सरकत नाही. तिथं थांबून पहारेकऱ्यांच्या फेऱ्या बघ.

त्याच मंदिरात परत परत जावं लागतं, ही मात्र कटकटच. तेव्हा त्या नोंदी कामी येतात. जहाजाचे सुटे भाग जमवणं आत्ता सोड. आणि हो, गेमसाठी डीएसच्या माइकमध्ये ओरडायची वेळ आली तेव्हा लोकलमध्ये नसलास म्हणजे मिळवली!