प्रो झाला नाही, मग चार वर्षं गेली कुठे?

कॉलेज संपलं की खेळाडू मुलांचे आईवडील माझ्याकडे येतात ते बहुतेक वेळा एकच काळजी घेऊन. मूल शाळेपासून बास्केटबॉल खेळलं, कॉलेजच्या टीममध्ये आलं, कप्तान झालं, ट्रॉफी आणली. मग एके दिवशी सगळं थांबलं. प्रोफेशनल काही झालं नाही. एवढ्या वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं का? कधी हे बाप विचारतो, कधी मूल स्वतःलाच विचारत बसतं. मी न्यू जर्सीत समुपदेशन करते आणि माझ्याकडे येणारी बरीच कुटुंबं मराठी आहेत. त्यातल्या एका घराची ही हकीकत त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा तेवीस वर्षांचा. एका छोट्या कॉलेजकडून पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा खेळाडू, म्हणून खेळलेला. कॉलेज ‘डिव्हिजन थ्री’मधलं, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, फी घरूनच भरायची. शेवटच्या वर्षी हा कप्तान होता आणि टीमने कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा, जिंकून राष्ट्रीय स्पर्धा गाठली, तिथे दुसऱ्या फेरीत हरली. त्यानंतर डिग्री, एका विमा कंपनीत डेटाची नोकरी, तीही घरून. नोकरीला लागून काही महिने झाले आणि आईच्या लक्षात आलं की पोरगा खोलीबाहेर येईनासा झालाय. मित्रांचे फोन घेत नाही. टीव्हीवर सामना लागला की उठून जातो.

पहिल्या भेटीला तिघंही आले. वडील थेट हिशोबावर आले. “मॅडम, चौथीपासून ह्याला क्लबमध्ये घातला. दर शनिवार-रविवार मी गाडी चालवत होतो, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँड. हॉटेलं, फिया, बूट. एनबीए सोडा हो, युरोपातल्या एखाद्या लीगमध्ये तरी? काहीच नाही. आणि आता हा असा बसून राहिलाय. तेवढा वेळ कोडिंगला दिला असता तर?” मुलगा काही बोलला नाही. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताने दाबत बसला होता. ती करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली आहे. पास घेताना बॉल बोटाच्या टोकावर आदळतो, सांधा सुजतो, मुलं पट्टी गुंडाळून तसंच खेळतात, मग बोट कायमचं वाकडं राहतं. इथे कॉलेजात खेळलेल्या कित्येकांचं एखादं बोट तसं असतं.

वडिलांना आकडे आवडतात, म्हणून आधी आकडेच मांडले. कॉलेजांचे खेळ चालवणारी अमेरिकेतली संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या तीन डिव्हिजन मिळून अठरा हजारांहून जास्त मुलगे कॉलेज बास्केटबॉल खेळतात. एनबीए ही तिथली सर्वांत वरची प्रोफेशनल लीग, तिच्या टीम ३०. या टीम दर वर्षी नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात दोन फेऱ्या, मिळून साधारण ६० नावं, त्यातली काही परदेशातून आलेली. ड्राफ्टला पात्र होणाऱ्या शंभर कॉलेज खेळाडूंतला कसाबसा एक निवडला जातो, आणि निवडलेला प्रत्येक जण टिकतोच असंही नाही. म्हणजे प्रो होणं हीच परीक्षा धरली तर जवळपास सगळं कॉलेज बास्केटबॉल नापास ठरतं. मग एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या ज्या सामन्यांसाठी मार्च महिन्यात अख्खा देश कामधाम सोडून टीव्हीपुढे बसतो, ते कशासाठी? वडिलांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. आकड्यांनी काळजी जात नसते. ती जावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

पुढच्या भेटी मुलाबरोबर एकट्याने झाल्या. झोप, भूक, दारू, जगावंसं वाटतं का, हे सगळं मी सुरुवातीलाच आडपडदा न ठेवता विचारते, त्यालाही विचारलं. जीवाला धोका नव्हता. तसं काही असतं तर गप्पा बाजूला ठेवून आधी डॉक्टर. घरात कुणाला तशी शंका आली, तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेली-मानसचा १४४१६ हे मानसिक मदतीचे फोन दिवसरात्र चालू असतात. वाट बघू नये.

मग एनबीएचा विषय निघाला. त्याने मान वर केली आणि इंग्रजी-मराठी मिसळून म्हणाला, “ते मला नववीतच कळलं होतं. माझी उंची पाच फूट दहा इंच आहे. आमच्या टीममध्ये कुणालाच वाटत नव्हतं आम्ही एनबीएला जाणार म्हणून. विचारतात ते मोठे लोक. मंडळाच्या गणपतीत काका विचारतात, मग आता प्रो का? मी नाही म्हणतो. मग ते ‘बरं बरं’ म्हणून बटाटेवडा घ्यायला जातात.”

ज्या दुःखाचं निदान घरात सर्वांनी करून ठेवलं होतं, ते त्याला झालंच नव्हतं. प्रो न झाल्याचं दुःख वडिलांचं होतं. मुलाचं काहीतरी वेगळं होतं आणि त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. मी त्याला दोन दिवस कागदावर लिहून आणायला सांगितले, एक सीझनमधला मंगळवार आणि एक आत्ताचा. सीझनमधला कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. पावणेसहाला उठणं, सहाला वेट रूम, ट्रेनरकडे घोट्याला टेप, नाश्त्याला टीममधले सेंटर आणि दोन फॉरवर्ड, बसमध्ये कोण कुणाशेजारी बसतं, सामन्याची फिल्म बघताना कोच कुणावर ओरडले. आत्ताच्या कागदावर पाच ओळी. उठलो. लॅपटॉप. जेवण. लॅपटॉप. वायएमसीएच्या व्यायामशाळेत जाऊन शंभर फ्री थ्रो, कुणाशी न बोलता परत. जाग मात्र अजूनही पावणेसहालाच येते, असं त्याने कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं.

ब्रिटन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक छोटी प्रश्नावली मांडली. माणूस स्वतःला किती प्रमाणात ‘खेळाडू’ म्हणूनच ओळखतो, हे त्यातून कळतं. मी ती वापरते. ही ओळख पक्की असणं मुळात वाईट नाही, तिच्यामुळेच पोरं पहाटे उठतात. अडचण तेव्हा येते जेव्हा दुसरी कुठलीच ओळख उभी राहिलेली नसते आणि खेळ संपतो. खेळ तर सगळ्यांचाच संपतो. एनबीएत पंधरा वर्षं काढलेल्यांचाही संपतो आणि तेही असेच सैरभैर होतात. प्रो झाला असता तर हा प्रश्न सुटला नसता, पुढे ढकलला गेला असता एवढंच. पालकांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्यांना वाटत असतं की मुलाच्या उदासीवर यश हे औषध होतं आणि ते मिळालं नाही.

एका भेटीत त्याने स्वतःहून सेंट पीटर्सचा विषय काढला. मार्च २०२२ मध्ये हा पहिल्या वर्षाला होता. जर्सी सिटीतलं ते छोटं कॉलेज, एनसीएएच्या स्पर्धेत पंधरावं मानांकन, म्हणजे जवळजवळ तळाचं, आणि त्यांनी केंटकीला ओव्हरटाइममध्ये ८५-७९ हरवलं. मग मरे स्टेट, मग पर्ड्यू. पंधरावं मानांकन असलेली टीम शेवटच्या आठांत पोचली ती स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच. तिथे नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना ६९-४९ असं सपशेल हरवलं. सांगताना त्याचे हात हलू लागले, कोण कुठे उभं होतं ते टेबलावरच्या पेनांनी दाखवू लागला. मी विचारलं, “त्यांचे कोच शहीन हॉलोवे. ते एनबीएत खेळले होते?” तो हसला. त्याला माहीत होतं. हॉलोवे १९९६ च्या मॅकडोनाल्ड्स ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक हायस्कूल खेळाडूंच्या, सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरले होते, आणि पुढे एनबीएचा मोठा तारा झालेला कोबी ब्रायंटही त्याच सामन्यात खेळला होता. पुढे ते न्यू जर्सीच्याच सीटन हॉलकडून खेळले. २००० साली स्पर्धेत ऑरेगनविरुद्ध ओव्हरटाइमच्या अगदी शेवटी अख्खं कोर्ट धावत जाऊन त्यांनी बास्केट केली आणि टीम एका गुणाने जिंकली. ड्राफ्टमध्ये मात्र त्यांना कुणी घेतलं नाही. परदेशात खेळले, मग कोचिंगमध्ये आले. सेंट पीटर्सनंतर त्याच सीटन हॉलने त्यांना बोलावून घेतलं. “ऑरेगनवाली बास्केट लोक अजून सांगतात,” तो म्हणाला. मी म्हटलं, “मग त्यांना कुणी ‘प्रो का नाही’ विचारतं का?” तो बराच वेळ बोलला नाही.

या बाबतीत माझं मत अगदी स्पष्ट आहे आणि ते मी लपवत नाही. जगातला सर्वांत चांगला बास्केटबॉल खेळाडू कोण, हे ठरवायचं असेल तर एनबीएच बघायला हवं. तिथली उंची, वेग, ८२ सामन्यांचा सीझन, हे कॉलेजात नसतं. तेवढ्यापुरतं प्रोफेशनल यश मोठं, आणि मुलाला बरं वाटावं म्हणून मी दोन्ही सारखंच आहे असं सांगत नाही. पण कॉलेजात जे घडलं त्याला किंमत द्यायची की नाही, हे पुढे प्रो झाला की नाही यावरून ठरत नाही. २०१६ च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्रिस जेन्किन्सने शेवटच्या क्षणी थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांची बास्केट, मारला आणि व्हिलानोव्हाने नॉर्थ कॅरोलायनाला ७७-७४ हरवलं. जेन्किन्स एनबीएचा एकही सामना खेळला नाही. ती ट्रॉफी त्यामुळे कुणी परत मागितली नाही. उलट ड्यूकचा ख्रिश्चन लेटनर घ्या. १९९१ आणि १९९२ ची विजेतेपदं, केंटकीविरुद्ध शेवटच्या क्षणी सामना जिंकून देणारा तो १९९२ चा शॉट, आणि त्यानंतर एनबीएत तेरा सीझन, एकदा ऑल-स्टार म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंतही. तरी लोक म्हणतात, प्रोमध्ये काही केलं नाही. तेरा सीझन खेळलेल्या माणसालाही ही मोजपट्टी पुरत नसेल, तर आपल्या पोराला ती कशी पुरणार?

पालकांची एक काळजी मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. खेळापायी शिक्षण सुटता कामा नये. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे मिळू लागले, तेव्हापासून मोठ्या टीममधली मुलं दर वर्षी कॉलेज बदलताना दिसतात, आणि त्या फेऱ्यांत डिग्री मागे पडू शकते. असं होत असेल तर घरच्यांनी जरूर मध्ये पडावं. या मुलाच्या हातात डिग्री होती, नोकरी होती. त्याच्या वडिलांचं भय जुनं होतं, त्याला लागू न पडणारं.

वडिलांना मी एकटं बोलावलं. ते दादरचे, शिवाजी पार्कवर वाढलेले, क्रिकेट म्हणजे जीव की प्राण. मी विचारलं, “पॅडी शिवलकर कसे होते हो?” मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. बस, वडील सुरू झाले. पाऊल कसं पडायचं, चेंडू हवेत कसा थांबायचा. १९७२-७३ ची रणजी फायनल, चेपॉकला तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५. ते सामने त्यांनी पाहिलेले नव्हते, मोठ्या भावाकडून ऐकलेले, पण पाठ होते. फर्स्ट क्लासमध्ये ५८९ बळी. भारताकडून मात्र एकही कसोटी नाही. मी एवढंच म्हटलं की इतका वेळ तुम्ही बोललात, पण ‘उपयोग काय झाला’ असं एकदाही म्हणाला नाहीत.

ते चिडले. “मॅडम, रणजी म्हणजे कॉलेजची टूर्नामेंट नव्हे. कुठे पॅडी आणि कुठे हा!” बरोबरच होतं त्यांचं, आणि मी ते मान्य केलं. दोघं एका पातळीचे नाहीत. मी म्हटलं, “मुलाला पॅडी म्हणू नका. पण त्याची एखादी मॅच अशी पाठ आहे का तुम्हाला?” इतकी वर्षं गाडी चालवलेला माणूस. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “कॉन्फरन्स फायनल. शेवटचे दोन फ्री थ्रो ह्याचेच होते. मी बघितलं नाही, खाली बघत होतो.” घरी गेल्यावर हे मुलाला सांगा, एवढंच काम मी त्यांना दिलं. त्यांनी दोन आठवडे लावले, पण सांगितलं. मुलगा पुढच्या भेटीत म्हणाला, “बाबा तेव्हा जमिनीकडे बघत होते, मला माहितीच नव्हतं.”

आता तो आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात जातो, हे त्याने मागून घेतलं. हिवाळ्यात त्याच्या जुन्या हायस्कूलमध्ये ज्युनियर टीमला मदतनीस कोच म्हणून उभा राहतो. मानधन तुटपुंजं आहे आणि वडिलांना ते अजून खटकतं. टीमचा फोनवरचा ग्रुप त्याने पुन्हा चालू केला आहे, पण स्वतः काही लिहीत नाही. कॉलेजने माजी खेळाडूंच्या सामन्याचं बोलावणं पाठवलंय. जावं की नाही, त्याचं ठरलेलं नाही. नव्या कप्तानाला आपल्या जागी खेळताना बघवेल का, याची त्याला खात्री नाही, आणि पुढच्या भेटीत आम्ही त्यावरच बोलणार आहोत.