एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू असताना झिंक-सेलेनियम घेतल्याने सीडी४ लवकर वाढतो का?

तुम्ही लिहिलंय की एआरटी सुरू होऊन पाच महिने झाले, सीडी४ (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) १९० वरून २८० वर आला, पण वेग कमी वाटतो म्हणून झिंक-सेलेनियमची गोळी जोडीला घ्यावी का.

आधी माझी चूक सांगतो. माझ्या एआरटीच्या पहिल्या वर्षी मी डोल्युटेग्राविर (एआरटीतलं एक औषध) सकाळी अनशापोटी घ्यायचो आणि लगेच त्यावर मिनरलवाली मल्टिव्हिटॅमिनची गोळी, कुणालाही न विचारता. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी ते तिथेच थांबवलं. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक ही खनिजं पोटात या औषधाला चिकटतात आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. अनशापोटी लोहासोबत घेतलं तर जवळपास निम्मं वाया जातं. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या ॲसिडिटीच्या औषधासोबत तर सुमारे तीन चतुर्थांश! म्हणून डोल्युटेग्राविर अशा गोळीच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचं. कॅल्शियम किंवा लोह असेल आणि जेवणासोबत घेत असाल तर एकत्र चालतं. ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही सूट नाही.

आता फायद्याचं. २०१३ साली बोट्स्वानातल्या ८७८ जणांच्या अभ्यासात व्हिटॅमिन बी, सी, ई आणि सेलेनियम मिळून दिल्यावर सीडी४ घसरण्याचा धोका कमी झाला. नुसत्या सेलेनियमने तसं झालं नाही. पण ती माणसं अजून एआरटीवर नव्हती. तुम्ही आहात, आणि व्हायरस दाबायचं काम एआरटीचीच गोळी करते. झिंक खरोखर कमी असेल तर भरून काढण्यात अर्थ आहे, तेही डॉक्टरांना विचारून. मनाने मात्रा वाढवू नका. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर झिंक बराच काळ गेलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

आणि तुमचा वेग कमी नाहीये हो. पहिल्या वर्षात साधारण ५० ते १५० ने वाढ अपेक्षित असते. तुमची पाच महिन्यांतच ९० झालीय. सीडी४ साध्या सर्दी-तापानेही खालीवर होतो, त्या आकड्याकडे रोज बघत बसू नका. व्हायरल लोडची (रक्तात व्हायरस किती आहे त्याची) तपासणी झाली का? सहाव्या महिन्याची चुकवू नका, आणि त्या दिवशी घेत असलेली प्रत्येक गोळी, अगदी ॲसिडिटीचीसुद्धा, डॉक्टरांना दाखवा.