जळगावात राहून परदेशी पक्ष्यांची चांदीची नाणी जमवायची, तर सुरुवात कुठून करावी?

कुकाबुरा या ऑस्ट्रेलियन पक्ष्याच्या नाण्यापासून करा. ऑस्ट्रेलियाची पर्थ मिंट ही टांकसाळ 1990 पासून हे नाणं काढते आणि दरवर्षी चित्र बदलतं, म्हणून जमवण्यात खरी गोडी आहे. एक औंसाचं नाणं 31.1 ग्रॅम भरतं. सराफ बाजारात ओळखीच्या दुकानी काट्यावर ठेवून बघा, कसही तपासून घ्या, पण कसोटीवर घासू देऊ नका. चुंबकाला चिकटलं तर सरळ परत करा.

जुनं हवं असेल तर न्यूझीलंडचा किवीवाला फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंगचं नाणं, शोधा. 1933 ते 1946 पर्यंतच्या फ्लोरिनमध्ये निम्मी चांदी आहे, नंतर ती गेली. मला तर हेच जास्त आवडतं.

काळं पडलं तरी पॉलिश मात्र अजिबात नको, संग्राहक मग मोडीचाच भाव देतात.