टेनेसीची आर्मी नक्की कोणाची?

विचारलंय असं की अमेरिकन यादवी युद्धाबद्दल वाचताना एकाच पानावर 'आर्मी ऑफ टेनेसी' आणि 'आर्मी ऑफ द टेनेसी' असं दोन्ही दिसतं, ही छपाईची चूक आहे का आणि मराठीत काय लिहायचं.

चूक नाहीये, त्या चक्क एकमेकींविरुद्ध लढणाऱ्या दोन फौजा आहेत! फुटून निघालेल्या दक्षिणेने, म्हणजे कॉन्फेडरेट लोकांनी, आपल्या फौजांना बहुतेक वेळा राज्याचं नाहीतर प्रदेशाचं नाव दिलं आणि उत्तरेने नद्यांचं. टेनेसी हे राज्यही आहे आणि नदीही, इंग्रजीत नदीच्या आधी 'द' लागतो म्हणून त्यांचं भागतं, आपल्याकडे 'द' नाहीच, त्यामुळे २२ जुलै १८६४ ला अटलांटाजवळ हूडच्या टेनेसी आर्मीने मॅकफर्सनच्या टेनेसी आर्मीवर हल्ला केला (हूड दक्षिणेचा, मॅकफर्सन उत्तरेचा, आणि तो त्यातच मारला गेला) असं लिहिलं की वाचणारा गोंधळणारच. मी सरळ 'टेनेसी राज्याची फौज' आणि 'टेनेसी नदीची फौज' लिहितो. नियम फार ताणू नका मात्र, १८६१ मध्ये दक्षिणेतही बोरेगार्डची एक पोटोमॅक आर्मी (पोटोमॅक ही नदी) होती आणि १८६२ मध्ये उत्तरेच्या जनरल जॉन पोपची व्हर्जिनिया आर्मी (व्हर्जिनिया हे राज्य).

आता फौज का, लष्कर का नाही? कारण दक्षिणेचं लष्कर एक, त्यात फौजा अनेक, इंग्रजीत दोन्हीला आर्मीच. सगळा मुलूख डिपार्टमेंटांमध्ये वाटलेला (इथे 'खातं' लिहू नका हो, 'इलाखा' लिहा, मुंबई इलाख्यासारखा) आणि इलाख्याचा सेनापती थेट रिचमंडला, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीला, जबाबदार. वर प्रेसिडेंट जेफरसन डेव्हिस, स्वतः वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकलेला, आधी अमेरिकेचा युद्धमंत्री राहिलेला, त्यामुळे लगाम काही सोडवेना. सगळ्यात सीनियर जनरल कोण तर सॅम्युअल कूपर, जो रिचमंडच्या ऑफिसात बसून कागदपत्रं सांभाळायचा! जनरल रॉबर्ट ली याला दक्षिणेच्या सगळ्या फौजांचा प्रमुख केलं ते १८६५ च्या फेब्रुवारीत, म्हणून १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईत त्याला 'दक्षिणेचा सरसेनापती' म्हणणं साफ चूक, तेव्हा तो एका फौजेचा सेनापती होता. आणि ९ एप्रिलला अ‍ॅपोमॅटॉक्सला 'दक्षिणेच्या लष्कराने शरणागती पत्करली' हेही तसंच, शरण आली ती फक्त लीची नॉर्दर्न व्हर्जिनियाची फौज, जॉन्स्टनची २६ एप्रिलला आणि मिसिसिपीपलीकडचा इलाखा तर मे संपत आला तेव्हा.

ब्रिगेडचं, म्हणजे फौजेतल्या तुकडीचं, सोपं आहे. उत्तरेत नंबर, दक्षिणेत सहसा सेनापतीचं नाव, हूडला वरची बढती मिळाली तरी लोकांच्या तोंडी ती 'हूडची टेक्सास ब्रिगेड'च. आपण शिंद्यांची फौज, होळकरांची फौज म्हणतोच की, तिथे वेगळं काही शोधायला नको.