कानातली क्लिप, मानेतलं यंत्र

प्रश्न : आईला (वय ५८) नऊ वर्षांपासून रुमेटॉइड संधिवात आहे. दर रविवारी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम घेते, तरी सकाळी बोटं तासभर आखडलेली असतात. कानाला क्लिप लावून ‘व्हेगस नर्व्ह’ला करंट देणारं यंत्र ऑनलाइन मिळतंय. घेऊ का? मग गोळ्या थांबवता येतील?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : गोळ्या थांबवू नका, यंत्रही घेऊ नका.

कल्पना मात्र थोतांड नव्हे. व्हेगस नर्व्ह मेंदूतून निघून मानेतून पोटापर्यंत उतरते. तिला उत्तेजन दिलं की प्लीहेतल्या पेशी टीएनएफ हे सूज वाढवणारं रसायन कमी सोडतात. संधिवातावरचं अडालिमुमॅब हे इंजेक्शन अडवतं तेच हे टीएनएफ. केविन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली प्राण्यांवर हे दाखवलं.

जुलै २०२५मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी संस्था) मान्यता दिली ते यंत्र वेगळं. कॅप्सूलएवढं, ऑपरेशन करून मानेत डाव्या व्हेगसवर बसवतात. उजवीचा हृदयाच्या ठोक्यांवर ताबा जास्त, म्हणून डावी. रोज एकदा, एक मिनिट करंट. २४२ रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांनी ठरावीक सुधारणा ३५ टक्क्यांत दिसली. यंत्र बसवूनही करंट न दिलेल्यांत २४ टक्के. फरक आहे, चमत्कार नाही. शिवाय आवाज घोगरा होऊ शकतो. मान्यताही फक्त बायॉलॉजिक (अडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं) किंवा त्या पंक्तीतली औषधं लागू न पडलेल्यांसाठी किंवा न सोसणाऱ्यांसाठी.

कानाच्या खळग्यात व्हेगसची बारीक फांदी येते, क्लिपवाल्यांची भिस्त तिच्यावर. पण ११३ रुग्णांवरच्या चाचणीत कानावरचं खरं यंत्र आणि नुसतं दाखवायचं यंत्र, दोन्ही सारखीच ठरली. घरच्या टेन्स मशीनचे (दुखण्यावर त्वचेवरून करंट देणारं यंत्र) पॅड गळ्याच्या पुढच्या बाजूला तर चिकटवूच नका : तिथल्या कॅरोटिड सायनसला (बीपीवर लक्ष ठेवणारी रक्तवाहिनीतली जागा) झटका बसून बीपी एकदम उतरतं.

सकाळी तासभर आखडणं म्हणजे रोग अजून धुमसतोय. ईएसआर, सीआरपी (सूज), सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड) या रक्ततपासण्या करून संधिवाततज्ज्ञांना भेटा आणि किती रविवार चुकले ते खरं सांगा. १५ मिलिग्रॅमच्या पुढे गोळी पोटातून नीट शोषली जात नाही. तिथे तोच डोस त्वचेखालच्या इंजेक्शनने जास्त लागू पडतो. डबीवर ठळक ‘फक्त रविवार’ लिहा. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जीवावर बेततं. फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी. तरीही फरक पडला नाही तर पुढची पायरी बायॉलॉजिक. त्याआधी टीबी आणि हेपटायटिस बीची तपासणी लागतेच.