चेहऱ्यासाठी घरगुती स्क्रब कोणता वापरावा आणि आठवड्यातून किती वेळा?

मसूर डाळीचं पीठ. साय किंवा दुधात कालवायचं, बस्स. मात्र ते वस्त्रगाळ हवं. मिक्सरमधून काढलेली डाळ चिमटीत धरून चोळून बघा, रव्यासारखी कचकच लागली तर ती चेहऱ्याला लावूच नका, पुन्हा मलमलच्या कापडातून चाळा. दिवाळीच्या उटण्यातली आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा हे सगळं याच कारणासाठी अगदी बारीक दळतात.

लावताना चेहरा ओला असू द्या. बोटांच्या टोकांनी हलकेच गोल फिरवा, अर्धा मिनिट पुरे. लेप कडकडीत वाळवून मग खरवडणं ही फार जणांची सवय, आणि त्यानेच त्वचा सोलवटते. तरुण वयात त्वचेचा वरचा थर साधारण 28 दिवसांत आपोआप नवा होतो, आपण फक्त सुटत आलेल्या मृत पेशी काढायच्या असतात. म्हणून आठवड्यातून एकदा, तेलकट त्वचेला फार तर दोनदा.

साखर आणि मीठ टाचा-कोपरांसाठी ठेवा. लिंबू चेहऱ्यावर नकोच! त्वचेचा पीएच (आम्लता सांगणारा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) 5 च्या आसपास असतो, लिंबाचा 2 ते 3, वर ऊन लागलं तर काळे डागही पडतात.

पिकलेल्या पुटकुळ्या किंवा इसब असेल तर काहीही चोळू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा.