वाचकांचे प्रश्न : गुलाबावरचा पळणारा कोळी

प्रश्न : पॉलिहाऊसमधल्या गुलाबावर लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड, माइट) आहे. भिंगातून पाहताना त्यातच नारिंगी, चकाकणारे, भरभर पळणारे कोळीही दिसले. हीपण कीडच का? लगेच फवारू का?
– गुलाब उत्पादक, मावळ

उत्तर : फवारणी थांबवा. वर्णनावरून हा भक्षक कोळी, म्हणजे लाल कोळीला खाणारा मित्र कोळी वाटतो. निओसेयुलस लाँजिस्पायनोसस ही आपल्याकडचीच जात लाल कोळीच्या मागोमाग पिकावर आपसूक येते.

खात्रीसाठी दहापट भिंगाने पानाची मागची बाजू, मधल्या शिरेलगत पाहा. लाल कोळी नावाला लाल. बहुधा तो हिरवट-पिवळा असतो, अंगावर दोन गडद ठिपके, आणि एका जागी बसून रस शोषतो. भक्षकाचे अंग थेंबासारखे, पाय लांब, आणि तो सतत धावतो. रंगावर जाऊ नका, उपाशी भक्षक फिकट असतो आणि पोट भरले की लालसर होतो. अंडी मात्र फसवत नाहीत. लाल कोळीची अंडी गोल, मण्यासारखी. भक्षकाचे अंडे लांबट आणि जवळपास दुप्पट मोठे.

भक्षकाला डोळे नसतात. जाळी आणि कोळी लागलेल्या पानांचा वास यांवरून तो माग काढतो, सावज तोंडाच्या चिमट्यात धरून आतला रस ओढतो. मागे सुरकुतलेली साल उरते. तो अंडीही खातो, म्हणून त्याची किंमत मोठी.

आता मोजणी करा. झाडाची मधली आणि बेंडिंगमधली (खाली वाकवलेल्या फांद्यांवरची) मिळून 20 पाने तपासा. दहा लाल कोळींमागे एक भक्षक असेल, तर 4-5 दिवस वाट पाहून पुन्हा मोजा. भक्षक कमी असतील, तर ते जिथे दिसतात तिथली पाने तोडून जास्त प्रादुर्भावाच्या झाडांवर अडकवा. शेंड्यापर्यंत जाळी चढलेल्या फांद्या पिशवीत भरून बाहेर काढा. हवा 60 टक्के आर्द्रतेच्या बरीच खाली गेली की भक्षकाची अंडी सुकतात, म्हणून दुपारी फॉगर (बारीक धुके सोडणारे यंत्र) चालवा. पण संध्याकाळपर्यंत पाने कोरडी झालीच पाहिजेत, नाहीतर डाऊनी हा बुरशीजन्य रोग येईल.

डाव बिघडतो तो बहुतेक वेळा फुलकिड्यांच्या फवारणीत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाने भक्षक मरतात, लाल कोळी मात्र पुन्हा उसळतो. ॲबामेक्टीन हे कोळीनाशकही भक्षकाला घातक आहे.

प्रश्न : हाच कोळी ढोबळी मिरचीवरचे फुलकिडे खाईल का?

उत्तर : त्यावर भरवसा ठेवू नका, याचे मुख्य खाद्य लाल कोळीच. फुलकिड्यांसाठी अँब्लिसियस स्विर्स्की ही वेगळी जात आहे. ती पांढऱ्या माशीची अंडीही खाते आणि सावज नसताना परागकणांवर तगते, म्हणून मिरचीच्या फुलांत टिकते. पण तीसुद्धा फुलकिड्यांची नुकती बाहेर आलेली पिल्लेच खाते. प्रौढ फुलकिडे आणि मातीतले कोष तिच्या तावडीतून सुटतात.